पिवळा साका, पण कशाचा?

अकरावी-बारावीच्या मुलामुलींच्या प्रयोगवहीत क्षारांचे गुणात्मक विश्लेषण आले की घरोघरी पाठांतर सुरू होते: निळा तो तांब्याचा, हिरवा तो निकेलचा, पांढरा तो कशाचाही! परीक्षेत कोणता क्षार येणार याची कुजबुजही कानी येते. या धांदलीत प्रकरणाचे मर्म मात्र हातून निसटते.

ते मर्म एका खटल्यावरून ध्यानी यावे. इ. स. १८३३ मध्ये इंग्लंडात जॉन बॉडल या तरुणावर आजोबांना कॉफीतून सोमल घातल्याचा आरोप आला. रसायनज्ञ जेम्स मार्श यांनी संशयित द्रवात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला आणि आर्सेनिक सल्फाइडचा पिवळा साका मिळवला. परंतु ज्यूरीपुढे जाईपर्यंत तो बिघडला व आरोपी सुटला. मार्श स्वस्थ बसले नाहीत. १८३६ साली त्यांनी नवी रीत प्रसिद्ध केली. संशयित पदार्थावर जस्त व आम्ल यांची क्रिया करून आर्सिन वायू मिळवावा आणि तो पेटवून त्याच्या ज्योतीत थंड काच धरावी. काचेवर आर्सेनिकचा काळसर, चकचकीत थर बसतो. हा पुरावा न्यायालयापर्यंत टिकण्याजोगा होता.

तथापि तेथेही थांबून चालत नाही. अँटिमनीही तसाच थर देते. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात आर्सेनिकचा थर विरघळतो, अँटिमनीचा विरघळत नाही. तेव्हा कोठे निर्णय होतो.

शाळेतील दुसऱ्या गटाची परीक्षा म्हणजे मार्श यांचीच पहिली पायरी होय. द्रावण आधी आम्लयुक्त करतात, कारण आम्लामुळे सल्फाइड आयन अगदी थोडे उरतात. तेवढ्यावर तांबे, शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांची अत्यंत अविद्राव्य सल्फाइडेच खाली बसतात. जस्त द्रावणातच राहते व पुढे अमोनियायुक्त द्रावणात पांढऱ्या साक्याच्या रूपाने प्रकटते. आम्लाचा विसर पडला, तर तेच जस्त दुसऱ्या गटात येऊन सारा हिशेब बिघडवते. शिवाय कॅडमियमचा साकाही पिवळाच! पिवळ्या अमोनियम सल्फाइडमध्ये आर्सेनिकचा साका विरघळतो, कॅडमियमचा तसाच राहतो.

म्हणूनच प्रयोगवहीत परीक्षा, निरीक्षण आणि अनुमान असे तीन रकाने आखलेले असतात. साका पिवळा दिसला, हे निरीक्षण. तो आर्सेनिकचा आहे, हे अनुमान. या दोहोंमधील अंतर ओलांडण्यासाठी दुसरी परीक्षा लागते. आधीच कळलेले उत्तर वहीत उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला गुण कदाचित मिळतील. परंतु उद्या औषधाची, पाण्याची वा अन्नाची पारख करण्याचे काम त्याच्यावर आले, तर तेथे उत्तर कुजबुजणारा कोणी नसेल.

तेव्हा पालकांनी सायंकाळी मुलांना 'क्षार कोणता आला होता?' एवढेच विचारू नये. 'तो दुसरा कोणता असू शकला असता, आणि तो नव्हे हे तू कशावरून ठरवलेस?' असे विचारावे.