डॅक घेताना मागची बाजू पाहा

नाटकाच्या ध्वनियंत्रणाच्या टेबलावर लॅपटॉप येऊन आता बराच काळ लोटला. पार्श्वसंगीत वाजवणारी मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास येतो, 'स्वस्तातला चांगला डॅक कोणता?' आणि लगोलग दुसरा, 'त्यात चिप कुठली?' चिपचा प्रश्न आता सोडून द्यावा, असे आमचे मत आहे.

हिशेब मांडून बघा. भरलेल्या नाट्यगृहात एसीची घरघर आणि प्रेक्षकांची चुळबुळ मिळून गोंगाट ३५-४० डेसिबलच्या खाली क्वचितच उतरतो. स्पीकर शंभरापर्यंत नेले तरी हाती राहणारा पल्ला ६०-६५ डेसिबलचा. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचा १६ बिटचा पल्लाच ९६ डेसिबलचा आहे, आणि ॲपलचा टाइप-सीचा बोटभर अडॅप्टरही मोजमापात या कामाला पुरून उरतो. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये आपल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. एसएसीडीच्या वाटेत १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा टप्पा घातला, तरी नेहमीच्या आवाजाला श्रोत्यांना तो ओळखता आला नाही. मग ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झसाठी जादा पैसे कशाला?

पैसे मोजायचे ते मागच्या सॉकेटसाठी. थ्री-पिन चार्जर लावला की लॅपटॉपचे अर्थिंग केबलच्या शील्डमधून मिक्सरच्या अर्थिंगला जाऊन मिळते, वर्तुळ पुरे होते आणि नेमक्या शांत प्रवेशात हम सुरू होतो. चार्जर काढा, हम गेला तर डॅकला बोल लावू नका. यावर उपाय म्हणून अर्थची पिनच मोडणारे महाभाग अजून भेटतात. ती पिन जीव वाचवायला दिलेली आहे, तिला हात लावू नका. बॅलन्स्ड आउटपुटचा छोटा इंटरफेस घ्या. फोकसराइट स्कार्लेट २आय२ किंवा बेहरिंगर यूएमसी२०२एचडी यांसारखा इंटरफेस हायफाय दुकानातल्या आरसीएवाल्या चकचकीत डब्यापेक्षा आपल्या जास्त उपयोगाचा. आरसीएवाला आधीच घेऊन ठेवला असेल, तर मध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स घाला आणि ग्राउंड लिफ्टचे बटण दाबा.

जाहिरातीत न छापली जाणारी आणखी एक गोष्ट आपल्याला फार छळते. काही न वाजता थोडा वेळ गेला की बरेच डॅक आपणहून म्यूट होतात, आणि पुन्हा जागे व्हायला क्षणभर घेतात. घरी गाणे ऐकणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. रंगमंचावर मात्र फोन वाजायचा असतो, नटाची मान अर्धी वळलेली असते, आणि 'ट्रिंग'मधला 'ट्रि' डॅकने गिळलेला असतो! एक क्यू ४४.१चा, पुढचा ४८चा असेल तर एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये दर बदलतानाही हाच घोळ. म्हणून सगळ्या फाइल एकाच दराच्या करून घ्या. तरीही डॅक झोपतच असेल, तर त्याच प्लेअरमध्ये कानाला न जाणवेल इतक्या बारीक गोंगाटाची फाइल प्रयोगभर लूपवर ठेवा. उपाय गावठी आहे, पण लागू पडतो.

वेगळा डॅक घेण्याचे खरे सुख तर आवाजाच्या दर्जात नाहीच. विंडोजचे डिफॉल्ट आउटपुट लॅपटॉपच्या स्पीकरवर ठेवायचे आणि प्लेअरमध्ये तेवढा डॅक निवडायचा. ऐन करुण प्रसंगी ईमेल आल्याची 'टिंग' मग शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही. लॅपटॉपचा स्पीकरही म्यूट करायला विसरू नका, इतकेच.

दुकानात जाताना आपलाच लॅपटॉप आणि चार्जर न्या. आवडीचे गाणे लावून काही कळत नाही, सगळेच डॅक गोड वाजतात. आधी नुसते जोडून, आवाज चढवून शांतता ऐका, एकदा चार्जरसह आणि एकदा चार्जरविना. मग दोन मिनिटे गप्प बसा आणि एकाच टाळीची फाइल वाजवा. टाळीचा पहिला फटका कापला गेला, तर दुसरा डबा दाखवायला सांगा.