पदव्यांचा सुकाळ, परवान्याचा पत्ता नाही

मानसशास्त्राची पदवी आता घरबसल्या मिळणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून या विषयाच्या दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नवे प्रवेश बंद केले. माणसासमोर बसून शिकायचे शास्त्र टपालाने शिकवू नये, हे मान्य. पण आयोगाने लावले ते मागचे दार. पुढचे सताड उघडे आहे. समुपदेशकाची पाटी लावायला आजही व्यवहारात दूरस्थ काय, कोणतीच पदवी लागत नाही.

एखादी भाड्याची खोली, दोन खुर्च्या, टिश्यूपेपरचा डबा आणि भिंतीवर शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे चौकटबंद प्रमाणपत्र. एवढ्यावर दवाखाना सुरू होतो. समोर बसलेल्या आईला बी.ए., एम.ए., एम.फिल. या अक्षरांतला फरक कोणी सांगायचा? एम.ए.च काय, पीएच.डी. झालेली व्यक्तीही केवळ त्या पदवीच्या जोरावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ठरत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याला त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले शिक्षण हवे. आजवरचा रुळलेला मार्ग म्हणजे रुग्णालयात देखरेखीखाली केलेले दोन वर्षांचे एम.फिल. आणि नंतर परिषदेकडे नोंदणी.

आणि सरकारने मोडीत काढले ते नेमके एम.फिल.च! 2020 च्या शैक्षणिक धोरणाने सरसकट कुऱ्हाड चालवली. मग जानेवारी 2024 मध्ये याच आयोगाला क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्कपुरती 2025-26 पर्यंत मुदत वाढवावी लागली. आधी तोडायचे, मग ठिगळ लावायचे. विद्यार्थ्यांनी तोवर काय करायचे?

शिक्षेचे तर हसूच येते. पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्यात नोंदणीविना काम करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये म्हणजे शहरात कित्येक ठिकाणी एका बैठकीची फीसुद्धा नव्हे. इतर मानसशास्त्रज्ञांची नोंदवही 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याने करायची होती. त्यासाठी राज्यांनी परिषदा नेमाव्यात म्हणून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बडगा उगारावा लागला. म्हणजे अभ्यासक्रम बंद करायला कायद्याचा आधार तत्काळ सापडतो, नोंदणी सुरू करायला मात्र न्यायालय लागते. आपल्याकडे बंदीचा कागद नेहमीच आधी निघतो.

त्याच न्यायालयाने जुलै 2025 मध्ये 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असे बजावले. इतकी माणसे आणणार कुठून? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारानुसार 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांबाहेर आढळले होते. परवान्याची चौकट नसेल, तर शाळा रिकाम्या तासाच्या शिक्षकाला चार दिवसांचे प्रशिक्षण देऊन कागद रंगवतील.

राज्य सरकारने समुपदेशकांची नोंदणी सुरू करावी आणि ती यादी सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. तोवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे पैसे मोजण्याआधी वाचकांनी पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक बेधडक मागावा.