लेखकाचे पत्र, वाचकाचे उत्तर

लेखकाने लिहावे, प्रकाशकाने छापावे आणि वाचकाने वाचावे, एवढ्याने साहित्यव्यवहार पूर्ण होतो असे अनेकांना वाटते. परंतु आपले लिखाण कोणापर्यंत पोहोचले आणि त्याला ते कसे वाटले, हे कळल्याखेरीज लेखकाचे समाधान होत नाही. मराठीत हे काम दीर्घकाळ टपालाने केले. धारवाडला राहणारे कथाकार जी. ए. कुलकर्णी सभासमारंभांपासून दूर राहत; पत्रांतून मात्र ते मनमोकळे बोलत. १९८७ साली त्यांचे निधन झाल्यानंतर त्यांच्या निवडक पत्रांचे खंड प्रसिद्ध झाले आणि वाचकांनी ते आवडीने वाचले.

महाराष्ट्राबाहेरील वाचकाला असा संवाद अधिक हवा असतो. छत्तीसगडमधील भिलाईचे उदाहरण घ्यावे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. कामाच्या निमित्ताने देशभरातून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. तेथील पावर हाउस भागात हावडा-मुंबई लोहमार्गावरील स्थानक आहे, गजबजलेला बाजार आहे. पण बाजारातील व्यवहार हिंदीत आणि छत्तीसगडीत चालतो. अशा गावात मराठी ही बहुधा घराच्या उंबरठ्याआतली भाषा होते. नवे मराठी पुस्तक कोणते आले, हेही सहज कानावर येत नाही.

वाचकांपर्यंत पोहोचण्याची धडपड या प्रदेशाला नवी नाही. मराठी कुटुंबात जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. पुढे ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हे मराठी ग्रंथ त्यांनीच हिंदीत नेले. त्यांचे मासिक मात्र आर्थिक अडचणींमुळे तीन वर्षांतच थांबले. कागद, छपाई आणि टपाल यांच्या खर्चाखाली आजवर अनेक नियतकालिके दबून गेली.

ई-मेलने पाठवायच्या वार्तापत्राला हा खर्च जवळजवळ नाही. ज्यांनी आपला ई-मेल पत्ता स्वखुशीने दिला आहे, त्यांना लेखक महिन्या-दोन महिन्यांनी एक पत्र धाडतो. पुण्यातील वाचकाला आणि पावर हाउसमधील वाचकाला ते एकाच दिवशी मिळते. समाजमाध्यमांवर कोणता मजकूर कोणाला दिसावा, हे बऱ्याच अंशी ती चालवणारी कंपनी ठरवते. ई-मेलची यादी लेखकाच्या हाती राहते आणि वाचक थेट त्यालाच उत्तर लिहू शकतो.

मात्र सोय झाली म्हणजे संवाद झाला असे नव्हे. प्रत्येक पत्रात पुस्तकाची किंमत आणि सवलतच असेल, तर ते जाहिरातीचे पत्रक होय. वाचक ते न उघडताच पुसून टाकील. लेखकाने त्यात आपल्या कामाविषयी लिहावे: एखादा प्रसंग का बदलला, एखादा शब्द कोठून मिळाला, सध्या कोणते पुस्तक वाचनात आहे. वाचकाच्या परवानगीशिवाय पत्र पाठवू नये, त्याचा पत्ता दुसऱ्याला देऊ नये, आणि नको असल्यास पत्र बंद करण्याची सोय ठेवावी. ज्या घरी ई-मेल वापरला जात नाही, तेथे शेजाऱ्याने किंवा वाचनालयाने ते पत्र छापून द्यावे.

वाचकाचेही एक कर्तव्य आहे. आलेल्या पत्राला दोन ओळींचे का होईना, मराठीत उत्तर लिहावे. आवडले ते सांगावे. पटले नाही तेही निःसंकोच सांगावे. घराबाहेर मराठी लिहिण्याचे प्रसंग जेथे थोडे, तेथे असे एक उत्तर म्हणजे भाषेचा सरावच आहे. लेखकालाही त्यातून कळते की, आपली भाषा महाराष्ट्राच्या सीमेपाशी संपत नाही. दोन्ही बाजूंनी लिहिले गेले, तरच या नव्या साधनाला पत्र हे जुने नाव शोभेल.