उपपदांचा बागुलबोवा

इंग्रजी शिकविणाऱ्या आमच्या कांहीं विद्वानांनीं एक शोध लाविला आहे. तो असा कीं, मराठींत उपपदें नाहींत, सबब मराठी मुलास 'अमुकच वस्तु' आणि 'कोणती तरी वस्तु' यांतील भेद उमगत नाहीं. आणि दोष मातृभाषेचाच असल्यामुळें इंग्रजीच्या तासाला तिला वर्गाबाहेर उभी करावी. यांतील पहिलें विधान खरें, दुसरें सर्वस्वीं खोटें, आणि इलाज तर रोगापेक्षां भयंकर, असें आम्ही म्हणतों.

मराठींत उपपदें नाहींत हें कबूल. तीं संस्कृतांत नाहींत, लॅटिनांत नाहींत, रशियन भाषेंतही नाहींत. मग पाणिनीला हा भेद कळत नव्हता असें म्हणावयाचें काय? शिवाय इंग्रजीचीं हीं उपपदें तरी कोठून आलीं? 'दि' म्हणजे झिजलेला 'तो', आणि 'ऍन' म्हणजे झिजलेला 'एक'. आमच्या येथें ही झीज झाली नाहीं, इतकेंच.

आतां भेद उमगत नाहीं या आक्षेपाकडे वळूं. सातपुड्याच्या पायथ्याशीं, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांत सोनाळा नांवाचें गांव आहे. तेथल्या शेतकऱ्याचा मुलगा 'बाप बैल पाह्याले गेला' असें म्हणाला, तर खरेदी व्हावयाची आहे व बैल कोणता तें ठरलेलें नाहीं, हें ऐकणारा जाणतो. 'बैलाले पाह्याले गेला' म्हणाला, तर बैल ठाऊक असलेला, बहुधा घरचाच. बैलाला लागलेल्या त्या एका 'ले'नें इंग्रजाच्या 'दि'चें काम बिनबोभाट केलें! पुणेंकर हेंच 'मुलगी पाहावयास' आणि 'मुलीला पाहावयास' यांत करितो. पहिल्यांत लग्नाची बोलणी असते, दुसऱ्यांत नसते. जेथें प्रत्यय चालत नाहीं तेथें शब्दांचा क्रम धांवून येतो. 'अंगणांत गाय उभी आहे' आणि 'गाय अंगणांत उभी आहे' या दोन गाई एक नव्हेत. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या ग्रंथापर्यंत आमच्या विभक्तींचा इतका खल झाला; तो या पंडितांच्या गांवींही नसावा.

खरा घात फळ्यावरच्या सूत्रानें होतो: 'ए म्हणजे एक, दि म्हणजे तो.' मराठींत आपण 'माझे वडील शेतकरी आहेत' असें म्हणतों. तेथें 'एक' नाहीं, म्हणून मुलगा इंग्रजींतही 'ए' गाळतो, आणि वहींत तांबडी रेघ खातो. त्याला इतकेंच सांगावयास हवें होतें कीं, बाबा, धंदा सांगतांना आपण गप्प बसतों तेथें इंग्रज 'ए' घालतो. उलट त्याच सूत्रावर पोसलेले आमचे लेखक आतां मराठींत 'ते एक शिक्षक आहेत' असें लिहूं लागले आहेत. एक नव्हे तर काय, दोन?

'ए' कोठें आणि 'ऍन' कोठें, हाही असाच हौसेनें वाढविलेला गोंधळ. इंग्रजी लिपीकडे पाहून हा नियम कधींच कळावयाचा नाहीं, कारण तो अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. तेच शब्द बाळबोधींत लिहा. 'युनिव्हर्सिटी'च्या आरंभीं य हें व्यंजन दिसतें, म्हणून 'ए'. तास या अर्थाच्या 'अवर'च्या आरंभीं अ हा स्वर दिसतो, म्हणून 'ऍन'. ज्या मुलानें बाराखडी घोटली आहे त्याला याहून अधिक सांगण्याचें कारण नाहीं.

कांहीं ठिकाणीं मराठीचा उपयोग होत नाहीं, हेंही सांगून टाकतों. इंग्रजींत सोनाळ्याच्या मागें कांहीं लागत नाहीं, वान नदीच्या मागें 'दि' लागतो, सातपुड्याच्या मागेंही लागतो. ही रूढि आहे. ती पाठच केली पाहिजे. पण रूढि कोठें आणि अर्थ कोठें, हें तरी मुलाला कोणत्या भाषेंत सांगणार?

सन २००० पासून आमच्या मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी आहे. सहा वर्षांच्या पोराला, ज्या भाषेचे चार शब्द त्याला येत नाहींत, तींतच तिचें व्याकरण समजावून सांगावयाचें, आणि त्याला समजलें नाहीं म्हणजे बोट त्याच्या आईच्या भाषेकडे दाखवावयाचें! बैलाच्या 'ले'वरून 'दि' शिकविण्यास दहा मिनिटें पुरतात. तीं दहा मिनिटें मराठींत बोलावें लागतें, एवढाच काय तो त्यांत गुन्हा.