निळ्या लाटांची सफर बुक करताय? आधी हे वाचा

हिवाळा लागला की तुमच्या फीडवर एक रील हमखास येतं. काळाकुट्ट किनारा, लाट फुटते आणि तिची कड निळी चमकते. कुणीतरी ओल्या वाळूत पाय आपटतो, तर पावलाभोवती ठिणग्या उडतात. खाली कमेंट्समध्ये मित्रांना टॅग करण्याचा धडाका, 'भावा, कधी निघायचं?' 2020च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या जुहूपासून देवगडपर्यंतचे असे व्हिडिओ व्हायरल झाले होते. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये चेन्नईचे किनारे चमकले, तेव्हा तिथेही रात्री गर्दी लोटली होती.

आता या चमकत्या पाण्याची सफर विकत मिळते. अंदमानातल्या स्वराज द्वीपवर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, अंधार पडल्यावर गाइडसोबत कयाकमध्ये बसायचं, खारफुटीच्या कडेने वल्हवत जायचं आणि प्रत्येक वल्ह्यागणिक पाणी उजळताना बघायचं. केरळमध्ये कोचीजवळच्या कुंबळंगी गावात या चमकीला 'कवरु' म्हणतात. 2019 साली 'कुंबळंगी नाइट्स' सिनेमा आला आणि हा शब्द केरळबाहेरही पोहोचला. कोकणात दिवसाचं कयाकिंग आता रुळलंय. रात्रीची सफर हा पुढचा टप्पा असणार हे सांगायला ज्योतिषी नको. आणि तिचं पहिलं गिऱ्हाईक कोण? तुम्ही आणि मी. म्हणूनच हा विषय फक्त 'भारी व्हाइब' एवढ्यावर सोडून चालणार नाही.

चमकतं कोण आणि का?

हे काम आहे डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय प्लवकांचं. आपल्या किनाऱ्यावर दिसणारी चमक बहुतेक वेळा नॉक्टिल्युका सिंटिलान्स या जातीची असते. तिची एक पेशी साधारण एक मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नीट पाहिलं तर डोळ्यांना ठिपक्यासारखी दिसेल इतकी मोठी. पाणी हललं की पेशीवर ताण येतो, आत ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याची रासायनिक क्रिया होते आणि सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ निळा प्रकाश पडतो. लाट, वल्हं, मासा, तुमचा हात, कशानेही पाणी हललं तरी चालतं.

यामागचं एक मान्य स्पष्टीकरण मजेदार आहे. या प्लवकांना खायला बारीक कवचधारी जीव येतात. चमक पडली की तो खाणाराच उघडा पडतो आणि त्याला खाणाऱ्या माशाला तो दिसतो. थोडक्यात, हा चोर आल्यावर वाजणारा अलार्म आहे. आपण ज्याला निसर्गाचा लाइट शो म्हणतो, ती त्या जिवाच्या दृष्टीने धोक्याची घंटा असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणखी एक गोष्ट कुणी जाहिरातीत सांगत नाही. तुम्ही पाहिलेले बरेचसे फोटो जास्त वेळ शटर उघडं ठेवून काढलेले असतात. डोळ्यांना ती चमक बरीच फिकी, कधी पांढुरकी दिसते. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मध्येच कुणी मोबाइलचा टॉर्च लावला की सगळं पहिल्यापासून. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर पैसे चांदण्यातच गेले समजा.

तीन उपसागर, तीन गोष्टी

अशा सफरींचा सगळ्यात जुना आणि शिकण्यासारखा अनुभव कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिकोकडे आहे. त्या छोट्या प्रदेशात चमकत्या पाण्याच्या तीन प्रसिद्ध जागा आहेत आणि तिघींची गोष्ट वेगळी आहे.

पहिली, व्हिएकेस बेटावरचा मॉस्किटो बे. अरुंद तोंड, उथळ पाणी, भोवती खारफुटी. तोंड अरुंद असल्याने प्लवक सहजी बाहेर वाहून जात नाहीत आणि खारफुटीच्या कुजलेल्या पानांतून त्यांना पोषण मिळतं. एका गॅलन पाण्यात लाखो पेशी, त्यामुळे जगातल्या सगळ्यात तेजस्वी जागांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. इथे पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाची बोट चालत नाही. 2007पासून पोहायलाही बंदी आहे. अंगावरचं सनस्क्रीन आणि डास पळवायचं औषध पाण्यात उतरतं आणि प्लवकांना मारतं, म्हणून. पर्यटक गाइडसोबत कयाकमध्ये बसतो, बघतो आणि परत येतो.

दुसरी, फहार्दो गावाजवळची लगुना ग्रांदे. इथेही कयाक, इथेही पोहायला बंदी. तरीही 2013च्या नोव्हेंबरमध्ये चमक एकाएकी गायब झाली. जोराचे वारे आणि लाटा, जवळ चाललेलं बांधकाम, पाण्यातली वर्दळ, अशा अनेक शक्यतांवर चर्चा झाली. बोट ठेवता येईल असं एकच कारण काही सापडलं नाही. पुढे चमक परतली, पण त्या मधल्या दिवसांत सफरीवर पोट असलेल्यांचा धंदा बसला होता.

तिसरी, नैऋत्य किनाऱ्यावरची ला पार्गेरा. इथे इंजिनच्या बोटी चालतात, पाण्यात उडी मारायलाही परवानगी आहे. 'अनुभव' म्हणाल तर हीच जागा सगळ्यात सढळ. आणि हिचीच चमक गेल्या काही दशकांत सगळ्यात जास्त उतरलेली आहे.

आता इथे घाईने निष्कर्ष काढू नका. ला पार्गेराच्या किनाऱ्यावर वस्ती आणि दिवेही वाढले, त्यामुळे सगळा दोष बोटींच्या माथी मारता येत नाही. उलट, मॉस्किटो बेने सगळे नियम पाळूनही 2017च्या सप्टेंबरमध्ये मारिया चक्रीवादळाने खारफुटी झोडपली आणि पाणी काही महिने अंधारात गेलं. म्हणजे नियम पाळले तर चमक टिकेलच, याची हमी नाही. पण नियम नसले तर ती उतरते तेव्हा सावरायला हातात काही उरत नाही. खारफुटी, अंधार आणि शांत पाणी हेच या धंद्याचं भांडवल आहे. ते खाऊन टाकणारा धंदा फार तर चार सीझन चालेल.

आपल्याकडचं गणित वेगळं आहे

'मग कोकणात पण तेच नियम लावा, झालं काम,' असं वाटेल. पण इथे एक मोठा फरक आहे. मॉस्किटो बेमध्ये प्लवक जवळपास वर्षभर एका कोंडलेल्या उपसागरात राहतात. आपल्याकडे चमक येते ती मोकळ्या समुद्रात, प्लवकांचा अचानक बहर येतो तेव्हा. आज गुहागरला दिसेल, उद्या नाही. त्यामुळे 'शंभर टक्के ग्लो गॅरंटी' असं कुणी लिहिलं असेल, तर तो एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला तसं समजतोय.

दुसरा फरक जास्त गंभीर आहे. इथली चमक कधीकधी चांगली बातमी नसते. अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात नॉक्टिल्युकाचे प्रचंड बहर येऊ लागलेत. कोलंबिया विद्यापीठाच्या वेधशाळेतले जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांच्या गटाने 2014 साली मांडलं की, समुद्रातलं कमी ऑक्सिजनचं पाणी वर येतंय आणि ते या जातीला मानवतंय. 2020 साली त्यांनी हिमालयातलं कमी होणारं बर्फ आणि बदलणारे हिवाळी वारे यांच्याशीही त्याचा संबंध जोडला. हे सगळ्यांना पटलंय असं नाही. 2018 साली भारतीय शास्त्रज्ञांनी भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यातही असे बहर आल्याचं दाखवलं. कारणांवर वाद आहे, परिणामांवर मात्र फारसा नाही. बहर दाट झाला की मासळीच्या अन्नसाखळीत उलथापालथ होते. 2019च्या सप्टेंबरमध्ये मन्नारच्या आखातात नॉक्टिल्युकाच्या बहरानंतर मासे मरून किनाऱ्याला लागले होते.

म्हणजे ज्या रात्री आपण 'वॉव' म्हणतोय, त्याच रात्री कुणा मच्छीमाराच्या जाळ्याचं नुकसान होत असू शकतं. दर वेळी असं होतं असं नाही, थोडी चमक समुद्रात नेहमीच असते. पण दोन्हीतला फरक न सांगणारी सफर अर्धीच गोष्ट विकते. चांगला गाइड तुम्हाला तो फरक सांगेल.

जिवाचा प्रश्न

आता थोडं रोखठोक. 2022च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. ते दिवसाढवळ्या झालं होतं. रात्री, आणि तेही मुद्दाम दिवे विझवून समुद्रात जायचं म्हटल्यावर धोका किती वाढतो, हे वेगळं सांगायला नको. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी पाणी कसं ओढतं, हे स्थानिक तांडेलाला विचारा. शिवाय प्रत्येक खाडी कयाकिंगची नसते. वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत, तिथे अंधारात वल्ही मारण्याचं शौर्य दाखवू नये.

महाराष्ट्राने 2021 साली साहसी पर्यटन धोरण आणलं. पाण्यावरच्या उपक्रमांसह सगळ्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसं आणि सुरक्षेची साधनं ठेवावीत, ही त्याची दिशा आहे. कागदावर हे बरं आहे. पण नोंदणी आहे का, हे विचारणारा ग्राहक नसेल तर ती करणाऱ्याला फायदा काय? जो खर्च करून लाइफ जॅकेट आणि शिकलेला गाइड ठेवतो, त्याचा रेट जास्त असतो. आपण पाचशे रुपये वाचवायला दुसऱ्याकडे जातो आणि नियम पाळणाराच बाजाराबाहेर फेकला जातो. यात सरकारचा दोष आहेच, पण आपल्या घासाघिशीचाही आहे.

नमुना घरातच आहे

चांगलं काही करायचं तर प्वेर्तो रिकोपर्यंत जायची गरज नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट पर्यटकांना होडीतून खारफुटी दाखवतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासमध्ये कासव महोत्सवाला लोक गावातल्याच घरांत राहतात, पिल्लांजवळ फ्लॅश मारू देत नाहीत. पिल्लं कुठल्या दिवशी निघतील याची हमी तिथेही नसते, तरी लोक जातात. कारण गावाने पाहुण्यांना पहिल्या दिवसापासून तसंच सांगितलंय. निसर्ग दिसला तर नशीब, नाही दिसला तर घरचं जेवण आणि गप्पा. चमकत्या पाण्याची सफरही याच तत्त्वावर उभी राहू शकते: लहान गट, वल्ह्याची होडी, गावातले गाइड, आणि चमक नसेल तर सफर पुढे ढकलायची किंवा पैसे परत.

यात तुमच्यापैकी काहींसाठी कामही आहे. किनाऱ्यावरच्या कॉलेजांत प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र शिकणारी कितीतरी मुलं पदवीनंतर मुंबई-पुण्याची गाडी पकडतात. ज्याला भरती-ओहोटी आजोबांकडून कळलीय आणि प्लवक कॉलेजात, त्याच्याहून चांगला गाइड बाहेरून आणता येणार नाही. चमक दिसलेली तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग आणि वास एवढं जरी दोन-तीन कॉलेजांनी सलग काही वर्षं नोंदवलं, तरी आपल्या किनाऱ्याबद्दल आज नसलेली माहिती हाताशी येईल.

तर, निघायचं ना?

निघा की! बघण्यासारखी गोष्ट आहे, बघायलाच हवी. फक्त बुकिंगच्या मेसेजमध्ये 'डिस्काउंट आहे का' याच्या आधी पाच प्रश्न टाका. तुमची नोंदणी आहे का? एका गाइडमागे किती जण? लाइफ जॅकेट सगळ्यांना आणि आयएसआय मार्कचं आहे का? होडी वल्ह्याची की इंजिनची? चमक दिसली नाही तर काय? उत्तरं टाळली तर समजून जा.

आणि गेल्यावर अंगाला क्रीम-स्प्रे फासू नका, पाण्यात उडी मारायचा हट्ट धरू नका, टॉर्च खिशात ठेवा. त्या जिवाने लावलेली ती धोक्याची घंटा आहे, आठवतंय ना? ती वाजवून बघायला एकदा हलकेच वल्हं फिरवलं तरी पुरतं. मग दहा मिनिटं फोन बंद ठेवून नुसते बसा. रील नाही बनलं तरी चालेल. पाणी पुढच्या वर्षीही चमकलं पाहिजे, कारण तेव्हा तुमच्या ज्युनियर्सची ट्रिप निघालेली असेल.