कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावलं तर काय होतं?

पाचगणीत जूनपासून धुकं आणि पाऊस सुरू झाला की घरं ओल धरतात. पिसवांना तेच हवं असतं. हवेत ओलावा आणि घरात थोडी ऊब असली की त्यांच्या अळ्या जोमात वाढतात. मांजर खाजवू लागतं आणि मग घरात जे हाताशी असेल ते त्याला लावलं जातं. कधी कुत्र्यासाठी आणलेले मानेवर टाकायचे थेंब, तर कधी गोठ्यातलं गोचिडाचं औषध.

घात इथेच होतो.

या औषधांपैकी बऱ्याच औषधांत परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असतं. कुत्रा किंवा गाय हे रसायन पचवू शकते. मांजराच्या यकृतात मात्र ते निकामी करून बाहेर टाकणारी यंत्रणा फार कमकुवत असते. मांजराला पॅरासिटामॉल चालत नाही, त्यामागेही हेच कारण आहे. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिनचं प्रमाण ४० टक्क्यांहून जास्त असतं, त्यामुळे 'अर्धाच डोस दिला' हा हिशेब इथे चालत नाही. ज्या कुत्र्याला औषध लावलंय, त्याला बिलगून झोपल्यानेही मांजराला विषबाधा होऊ शकते. ब्रिटनमध्ये अशा पाकिटांवर 'मांजराला वापरू नका' असा ठळक इशारा असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनेही तक्रारी वाढल्यावर २०१० मध्ये लेबलं अधिक स्पष्ट करण्याचं पाऊल उचललं.

लक्षणं काही तासांत दिसतात, कधी दोन-तीन दिवसही लागतात. कान आणि कातडी फुरफुरणं, लाळ गळणं, थरथर, मग झटके. यावर उतारा नाही, पण वेळेत उपचार मिळाले तर बरीच मांजरं वाचतात. कोमट पाणी आणि भांडी घासायचं सौम्य लिक्विड वापरून औषध धुवायचं. पाणी गरम नको, त्याने औषध कातडीत जास्त मुरतं. झटके सुरू झाले असतील तर अंघोळीत वेळ घालवू नका. मांजराला टॉवेलात गुंडाळा, औषधाचं पाकीट सोबत घ्या आणि पशुवैद्याकडे निघा.

घरगुती उपाय? कापूर आणि टी ट्री तेलही मांजराला विषारीच. 'नैसर्गिक आहे' एवढ्याने मांजराचं यकृत काही ऐकत नाही.

मग लावायचं काय? मांजरासाठीच बनवलेलं, वजनानुसार दिलेलं फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन. आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नाही, फक्त बारीक दातांची फणी. नावाच्या शेवटी 'थ्रिन' दिसलं की थांबा. (मांजरांच्या काही पट्ट्यांत फ्लुमेथ्रिन असतं, तो अपवाद. पण तो पट्टाही मांजराचाच हवा.)

औषध लावूनही पिसवा परत का येतात, हा पुढचा प्रश्न. अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम पाच टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोष गाद्यांत, चटयांत, फळ्यांच्या फटींत असतात. कोष महिनोन्महिने तसेच पडून राहतात आणि पावलांची कंपनं किंवा ऊब जाणवली की फुटतात. सुट्टीत बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या बंगल्यात शिरताच पायांना चावे बसतात ते यामुळेच. म्हणून मांजराची अंथरुणं गरम पाण्यात धुवा, फटींतून व्हॅक्यूम फिरवा आणि त्यातला कचरा लगेच घराबाहेर टाका.