मजूर सरकारचे उफराटे करधोरण

हुजूर पक्षाच्या चौदा वर्षांच्या राजवटीनंतर जुलै २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये मजूर पक्ष प्रचंड बहुमताने सत्तेवर आला आणि ३० ऑक्टोबर रोजी अर्थमंत्री रेचेल रीव्हज यांनी आपला पहिला अर्थसंकल्प मांडला. त्यात सुमारे ४० अब्ज पौंडांची करवाढ होती. रुग्णालये, शाळा आणि नगरपालिका यांची हुजूर राजवटीत जी दुर्दशा झाली, ती पाहता करवाढ अटळ होती. समाजवाद्यांनी तिला आक्षेप घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हा भार कोणाच्या खांद्यावर टाकला गेला, याचा. अर्थसंकल्पाला तीन आठवडे होण्यापूर्वीच हजारो शेतकरी लंडनच्या रस्त्यांवर उतरले, आणि फॅमिली डॉक्टरांच्या संघटनांनीही सरकारला इशारे दिले. धान्य पिकवणारा आणि रोगी तपासणारा, दोघेही एकाच वेळी मजूर सरकारविरुद्ध उभे ठाकावेत, याची कारणमीमांसा समाजवादी कार्यकर्त्यांनी करणे आवश्यक आहे.

या दोघांचेही ब्रिटिश शासनाशी असलेले नाते मजूर पक्षानेच घडवले होते. क्लेमंट अ‍ॅटली यांच्या सरकारने १९४७ साली शेतीविषयक कायदा करून प्रमुख पिकांना हमीभाव दिला, आणि १९४८ साली अन्युरिन बेव्हन यांनी राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी केली. रुग्णालये शासनाच्या मालकीची झाली. परंतु फॅमिली डॉक्टर पगारी नोकर होण्यास तयार नव्हते, म्हणून त्यांना कंत्राटदार म्हणून सेवेत घेण्याची तडजोड करावी लागली. दवाखाना डॉक्टरांचा, पैसा शासनाचा आणि उपचार रोग्याला मोफत, अशी ही व्यवस्था आजही चालू आहे. खाणींच्या व कारखान्यांच्या वस्त्यांतून ती टिकवून धरण्यात भारतातून गेलेल्या डॉक्टरांचा वाटा मोठा आहे.

हीच तडजोड २०२४ साली डॉक्टरांच्या अंगावर उलटली. नोकर ठेवणाऱ्याने भरावयाची राष्ट्रीय विम्याची वर्गणी १३.८ टक्क्यांवरून १५ टक्के करण्यात आली, आणि वेतनाच्या ज्या मर्यादेपासून ती आकारली जाते, ती मर्यादा वर्षाला ९,१०० पौंडांवरून ५,००० पौंडांवर आणली गेली. सरकारी संस्थांना या वाढीची भरपाई मिळाली. दवाखान्यांना नाही, कारण ते ‘खासगी’. लहान मालकांना वर्गणीत १०,५०० पौंडांपर्यंत सूट मिळाली. तीही दवाखान्यांना नाही, कारण त्यांचे निम्म्याहून अधिक काम ‘सार्वजनिक’! भरपाई मागावी तर खासगी आणि सूट मागावी तर सार्वजनिक, असा हा न्याय आहे. दुकानदार वाढलेला खर्च मालाच्या किमतीवर चढवू शकतो. मोफत उपचार करणाऱ्या डॉक्टराने तो कोणावर चढवावा? परिचारिका कमी करणे, स्वागतकक्षातील जागा रिकामी ठेवणे, एवढेच मार्ग त्याच्यापुढे उरतात, आणि त्यांची किंमत भेटीच्या प्रतीक्षेत बसलेला रोगी मोजतो.

या वर्गणीचा हिशोबही डोळ्यांखालून घालण्याजोगा आहे. स्वागतकक्षात अर्धवेळ काम करून वर्षाला १२,००० पौंड मिळवणाऱ्या स्त्रीमागे पूर्वी सुमारे ४०० पौंड भरावे लागत. एप्रिल २०२५ पासून १,०५० पौंड भरावे लागले. एक लाख पौंड पगाराच्या अधिकाऱ्यामागे हीच वाढ सुमारे साडेतेरा टक्के आहे. त्या स्त्रीच्या बाबतीत ती दीडशे टक्क्यांच्या पुढे जाते. कष्टकऱ्यांवर कर बसवणार नाही असे वचन देऊन आलेल्या सरकारने सर्वांत कमी वेतनाची नोकरीच सर्वांत महाग करून ठेवली. दवाखाने, धर्मादाय शुश्रूषागृहे व वृद्धांची सेवाकेंद्रे यांना वगळावे, अशा दुरुस्त्या लॉर्डांच्या सभागृहाने सुचवल्या. मार्च २०२५ मध्ये सरकारने आपल्या बहुमतावर त्या फेटाळल्या. दवाखान्यांसाठी वाढीव निधी जाहीर झाला खरा. पण एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्याचाच हा प्रकार होता.

शेतकऱ्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. शेतजमिनीला वारसा करातून पूर्ण सूट १९९२ साली हुजूर सरकारने दिली. परिणामी, कर चुकवू पाहणाऱ्या धनिकांनी जमिनी घेतल्या आणि जमिनीचे भाव शेतीच्या उत्पन्नाशी विसंगत झाले. सरकारच्याच आकड्यांनुसार २०२१-२२ साली या सवलतीचा ४० टक्के लाभ केवळ ११७ वारशांच्या पदरात पडला. ही सवलत मोडून काढणे हे कोणत्याही समाजवादी सरकारचे कर्तव्यच होते. परंतु सरकारने सूट १० लाख पौंडांपर्यंत ठेवून त्यावरील जमिनीला सरसकट २० टक्के कर लावण्याचे ठरवले. एकरी दहा हजार पौंडांच्या आसपास भाव असलेल्या देशात शंभर-दीडशे एकरांचा कसणारा शेतकरीही या रेषेला टेकतो. कागदावर तो लक्षाधीश असतो. हातात मात्र त्या मानाने अत्यल्प उत्पन्न पडते. जमीन गुंतवणूक म्हणून घेणारा आणि जमीन कसून जगणारा, यांच्यात सरकारने भेदच केला नाही.

त्यातच अनुदानांचा आधारही काढून घेण्यात आला. युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर इंग्लंडमधील क्षेत्रावर आधारित अनुदान टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले होते; या अर्थसंकल्पाने त्या कपातीचा वेग वाढवला. त्याच्या जागी आलेल्या पर्यावरणपूरक शेतीच्या योजनेचे नवे अर्ज ११ मार्च २०२५ रोजी पूर्वसूचना न देता बंद करण्यात आले. हमीभाव तर केव्हाच गेला होता. दुधाची संघटित खरेदी करणारे मंडळ १९९४ साली मोडीत निघाले आणि भाव ठरवण्याची सत्ता दुकानांच्या साखळ्यांच्या हाती गेली. भाव नाही, अनुदान नाही आणि वर कर, अशा अवस्थेतील शेतकऱ्याच्या मोर्चात उजवे पुढारी मिरवले, यात नवल ते काय? डाव्यांनी मोकळी सोडलेली जागा उजव्यांनी भरून काढली.

या सर्वाचे मूळ एका वचनात आहे. प्राप्तिकर, मूल्यवर्धित कर आणि राष्ट्रीय विमा वाढवणार नाही, असे मजूर पक्षाने निवडणुकीत सांगितले. धनिकवर्गाच्या एकूण संपत्तीवर वार्षिक कर बसवण्याचे धाडसही त्याने केले नाही. मग पैसा आडवाटेने काढणे आले. आणि आडवाटेवर नेहमी मधलाच माणूस सापडतो. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये सरकारला वारसा कराची मर्यादा २५ लाख पौंडांवर नेण्याची घोषणा करावी लागली. ही सुधारणा योग्यच होती. परंतु वर्षभराच्या हट्टानंतर आल्यामुळे तिचे श्रेय सरकारला मिळाले नाही, आणि मोठ्या वारशांवर कर बसवण्याचे तत्त्व मात्र लोकांच्या नजरेत बदनाम झाले.

भारतातील समाजवाद्यांनाही यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. १९५३ साली आलेला मृत्युकर भारतात १९८५ साली रद्द झाला आणि संपत्ती कर २०१५ साली गेला. वाढती विषमता पाहता वारसा कराची मागणी पुन्हा पुन्हा होणार, आणि ती झालीच पाहिजे. पण विदर्भातील कापूस पिकवणाऱ्यापर्यंत ती मागणी नेताना दोन गोष्टी आधी स्पष्ट असल्या पाहिजेत. कसणाऱ्याची जमीन आणि धनिकाने दडवलेले धन यांतील भेद कायद्यातच हवा, आणि कर मागणाऱ्या शासनाने आधी मालाला भाव दिला पाहिजे. अ‍ॅटली सरकारने हमीभाव आणि दवाखाना आधी लोकांच्या दारी नेला, म्हणून त्याचे कर लोकांनी सोसले. हा क्रम उलटा केला की मजूर पक्षाच्या नावानेही लोक फसत नाहीत.